गिनीपिगची शू काय सांगते?

मुलांनो, नाकं मुरडू नका हं! आज आपण चक्क शूबद्दल बोलणार आहोत. तुमच्या घरी गिनीपिग असेल, तर हे पान दोनदा वाचा आणि वाचून झालं की आईबाबांच्या हाती द्या.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. नावात ‘पिग’ असलं तरी तो डुक्कर नव्हे. उंदीर, खार, साळिंदर यांच्यासारखा तो कुरतडणारा प्राणी आहे. रानात त्याच्या पूर्वजांवर शिकारी प्राण्यांचा आणि पक्ष्यांचा सतत डोळा असायचा. जो अशक्त दिसेल, तो आधी पकडला जायचा. म्हणून दुखणं लपवायची सवय त्याच्या अंगात मुरलेली आहे. तो आजारी आहे हे आपल्याला कळेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. पण एक गोष्ट काही त्याला लपवता येत नाही. पिंजऱ्यातली शू! आणि ती रोज कोण बघतं? पिंजरा साफ करणारे तुम्हीच की!

पांढरा डाग : घाबरू नका

गिनीपिगची शू वाळली की पांढुरका, खडूच्या भुकटीसारखा डाग राहतो. तो पाहून पुष्कळजण घाबरतात. पण थोडा डाग असणं अगदी नेहमीचं आहे. आपलं शरीर अन्नातून जरुरीपुरतंच कॅल्शियम उचलतं. गिनीपिगचं तसं नाही. तो खाण्यातलं बरंच कॅल्शियम रक्तात घेतो आणि जादा झालेलं शूवाटे बाहेर टाकतो. म्हणून त्याची शू गढूळ दिसते.

हा डाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अंड्याचं कवच आणि शंखशिंपले यांत असतं तेच! वाळलेल्या डागावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे येतात आणि डाग सुटतो. पिंजऱ्याचा तळ धुवायची ही सोपी युक्ती आहे. मात्र नंतर तळ साध्या पाण्याने धुऊन, कोरडा करूनच गिनीपिगला आत सोडायचं.

हे दिसलं तर मात्र सावध!

1. शू करताना तो कण्हतो, किंचाळतो किंवा पाठीची कमान करून बसतो.
2. पुन्हा पुन्हा बसतो, पण थेंब थेंबच शू होते.
3. शूत लाल रंग दिसतो. काही पाल्यांमुळेही शू नारिंगी किंवा तांबूस होते, पण नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. डॉक्टर तपासून सांगतात. गिनीपिगच्या मादीला पाळी येत नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत ‘असेल काहीतरी’ म्हणून गप्प बसू नका.
4. पोटाखालची लव सतत ओली असते आणि तिला उग्र वास येतो.
5. पांढरा गाळ वाळूसारखा खरखरीत लागतो.
6. खाणं कमी होतं, वजन घटतं.

यामागे मुख्यतः दोन कारणं असतात. एक म्हणजे जंतूंमुळे मूत्राशयाला आलेली सूज. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि शी करण्याच्या जागेजवळ असतो, त्यामुळे तिला हा त्रास लवकर होतो. दुसरं म्हणजे मुतखडा. कॅल्शियमचे कण साठून खडा बनतो. नराचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद, म्हणून त्यात खडा अडकण्याची भीती जास्त.

शू अजिबात होत नसेल किंवा त्याने खाणं सोडलं असेल, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर! गिनीपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. बारा तास उपाशी राहिला तरी त्याच्या जिवावर बेतू शकतं.

घरचं औषध नको

आपल्याला उन्हाळी लागली की आजी धण्याचं पाणी देते. मग गिनीपिगलाही तेच देऊ या का? किंवा व्हिनेगरने डाग विरघळतो, तर लिंबू पाजून खडा विरघळेल का? नाही! कॅल्शियम कार्बोनेटचा खडा खाण्यापिण्याने विरघळत नाही. तो बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करूनच काढावा लागतो.

आणि आईबाबांनो, हे खास तुमच्यासाठी. घरातल्या औषधांच्या डब्यातली गोळी चुरून देऊ नका. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन अशी आपली नेहमीची औषधं पोटातून दिली, तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो दगावू शकतो. डॉक्टर त्याला चालणारं औषध वजनाप्रमाणे देतात. त्यांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे, मध्येच थांबायचं नाही. सगळेच पशुवैद्य गिनीपिगवर उपचार करत नाहीत. म्हणून कोण करतात याची चौकशी आजच, तो ठणठणीत असतानाच करून ठेवा.

डॉक्टरांकडे नेताना भोकं पाडलेल्या खोक्यात गवत घालून न्या. जमलं तर ताजी शू स्वच्छ बाटलीत सोबत घ्या. डॉक्टर शू तपासतील, एक्स-रे काढतील. कॅल्शियमचा खडा एक्स-रेत छान दिसतो.

दुखणं येऊच नये म्हणून

जेवणाचा मोठा भाग सुकं गवत हवा, तेही दिवसभर. मात्र बाजारात मिळणारा लसूणघास मोठ्या गिनीपिगला रोज घालू नका. त्यात कॅल्शियम भरपूर असतं. तो वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक. पालक, राजगिरा, शेवग्याचा पालाही रोज नको. काकडी आणि ढोबळी मिरची उत्तम. ढोबळी मिरचीतून क जीवनसत्त्वही मिळतं. ते गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही. (आपल्याही नाही, बरं का!) त्याला ते किलोमागे रोज निदान 10 मिलिग्रॅम लागतं. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात टाकले तर लवकर निकामी होतात, म्हणून ताजी भाजीच बरी.

पाणी रोज बदला. बाटलीच्या नळीतून पाणी खरंच येतंय ना, हे बोटाने दाबून बघा. जितकं पाणी जास्त, तितकी शू पातळ आणि गाळ कमी. ओलं झालेलं अंथरूण रोज काढून टाका.

आता एक काम. एक छोटी वही करा. दर रविवारी गिनीपिगला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि वजन लिहा. मोठा गिनीपिग साधारण 700 ते 1200 ग्रॅम भरतो. शेजारी शूचा रंग, खाणं आणि पाणी यांची नोंद करा. आठवड्यातून एकदा पिंजऱ्यात जुनं पांढरं फडकं अंथरा. लाल रंग त्यावर चटकन दिसतो. डॉक्टरांनी “कधीपासून होतंय हे?” असं विचारलं की ही वही पुढे करा. तुमचा गिनीपिग बोलू शकत नाही ना, म्हणून त्याच्या वतीने तुम्ही बोलायचं.