नंदादीपाच्या तेलाची तरतूद

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या काठी कापूस पिकविणाऱ्या या मुलखातील कितीतरी माणसांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. तरीही 'विक्रांत' हे नाव येथील घराघरात ठाऊक आहे. १९७१ च्या डिसेंबरात आकाशवाणीवरील बातम्यांना कान लावून बसलेल्या पिढीने ते पुढच्या पिढीला सांगितले. म्हणूनच त्या नौकेचे पुढे काय झाले, याचा हिशेब मागण्याचा अधिकार जितका मुंबईकरांना आहे, तितकाच आपल्यालाही आहे.

४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे 'विक्रांत' भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ मध्ये तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, वेगावर मर्यादा होती; तरीही तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार येथील शत्रूची बंदरे व तळ निकामी केले. तिच्या वीरांना दोन महावीर चक्रे लाभली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि २००१ मध्ये संग्रहालय म्हणून मुंबईत लोकांसाठी खुली झाली.

येथवरची कथा अभिमानाची आहे; पुढची लाजेची. खाऱ्या पाण्यात उभे असलेले पोलाद दिवसरात्र गंजत असते. जहाज ठरावीक वर्षांनी गोदीत घ्यावे लागते, तळ खरवडून रंगवावा लागतो, झिजलेले पत्रे बदलावे लागतात. सुमारे २१३ मीटर लांबीच्या नौकेसाठी हा खर्च प्रचंड. कायमची जागा कोणती आणि पैसा कोणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे एका तपात मिळाली नाहीत. या काळात राज्यात निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली. दोष कोणा एकाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव संग्रहालय बंद झाले. न्यायालयातील प्रयत्नही निष्फळ ठरले आणि सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेलेली 'विक्रांत' २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दारूखान्यात तोडली जाऊ लागली. तिच्या पोलादाचा काही अंश दुचाकींच्या बनावटीत गेला. काहीचे मुंबईत छोटे स्मारक झाले.

ठेच लागल्यावर शहाणपण यावे, तेही आले नाही. ६ मार्च २०१७ रोजी 'विराट' निवृत्त झाली. २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ती कागदावरच राहिली आणि सप्टेंबर २०२० मध्ये 'विराट' अलंगच्या भंगार किनाऱ्याकडे निघाली.

मग हे अशक्यच आहे काय? विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तिला पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावर पक्क्या पायावर बसविले. खाऱ्या वाऱ्याने तिचाही पत्रा गंजतो. परंतु तो दिसतो आणि दुरुस्त करता येतो. जपानची 'मिकासा' ही १९०५ च्या सुशिमा युद्धातील नौका. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची दुर्दशा झाली. लोकांनी निधी उभारला आणि १९६१ मध्ये तिचा जीर्णोद्धार पूर्ण केला. आजही ती योकोसुका येथे उभी आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येईल. ज्या जिल्ह्यात कर्जापायी शेतकरी जीव देतो, तेथील माणसाने जुन्या जहाजासाठी शेकडो कोटी मागावेत काय? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र, भव्य संकल्प सोडून नंतर हात वर करण्याने शेतकऱ्याच्या पदरात काही पडले नाही आणि नौकाही वाचली नाही. झेपेल तेवढेच जतन करावे. पण जे करावे ते निष्ठेने करावे. संपूर्ण विमानवाहू नौका पेलत नसेल तर एखादी लहान नौका जमिनीवर घ्यावी. तेही शक्य नसेल तर नांगर, घंटा, तोफ जिल्ह्याच्या गावी सन्मानाने ठेवावी आणि नौकेला वेळीच निरोप द्यावा. पंधरा-सतरा वर्षे गंजत ठेवून भंगारात काढणे, ही मात्र विटंबना होय.

आपल्या पूर्वजांना हे व्यवहारज्ञान होते. मूर्तीची प्रतिष्ठापना करताना ते नंदादीपाच्या तेलासाठी जमीन लावून देत. कारण प्रतिष्ठापनेचा सोहळा एका दिवसाचा, नित्यपूजा मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची. २ सप्टेंबर २०२२ रोजी नवी 'विक्रांत' नौदलात आली आणि त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेपासून स्फुरलेली अष्टकोनी मुद्रा झळकली. ही नौकाही कधीतरी निवृत्त होईल. तेव्हा तिच्या स्मारकाची घोषणा करणाऱ्याला आपण एवढेच विचारावे : जागा कोणती, निधी कोठला, आणि वीस वर्षांनी उत्तर कोण देणार?