खाडीपलीकडचा युरोप

‘अपूर्वाई’ वाचून लंडन-पॅरिसची ओढ कुणाला लागत नाही? पण माझ्या खिशाला परवडणारे युरोपीय शहर भाईंदरहून लोकलने दोन स्थानके, पुढे बस, इतकेच दूर आहे : वसईचा कोट. १५३४ ते १७३९ तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. मी एकटाच गेलो. तट पाहताना चिमाजीअप्पांच्या सैनिकांसाठी ऊर भरून आला. जेझुइट चर्चच्या कोरीव दारापाशी मात्र परक्यांचेही कौतुक वाटले. (हे घरी सांगितले नाही!) फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरांची थडगी आहेत. त्यांवर चपलांनिशी उभे राहून लोक फोटो काढत होते. शहर आपण जिंकले, मग राखायचे कुणी? यंदा इतिहास विभागाने सहल तिथेच न्यावी आणि ती अक्षरे वाचू शकणारे कुणी बरोबर घ्यावे.