फिल्ड कुणाचं, सिद्धांत कुणाचा?

एम.ए.ला असताना आम्हाला जजमानी पद्धत शिकवली गेली. विल्यम वायझर या अमेरिकन मिशनऱ्याने संयुक्त प्रांतातल्या करीमपूर गावाचा अभ्यास करून १९३६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून हा शब्द समाजशास्त्राच्या आणि सांस्कृतिक मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमात ठाण मांडून आहे. फळ्यावर बाणांची आकृती होती. सुतार कुणब्याला औत देतो, कुणबी सुताराला धान्य देतो, सगळं गाव एकमेकांवर अवलंबून. आकृतीखाली मोठ्या अक्षरात शब्द होता, 'परस्परावलंबन'. मी तो वहीत उतरवून घेतला.

माझ्या आजोबांनी तरुणपणी येसकरकी केली होती. आमच्या घरात तिला 'पाळी' म्हणतात. पाळी आली की गाव सांगेल ते काम करायचं, सांगावा घेऊन परगावी पायी जायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. भाकर वरून टाकली जायची, हातात दिली जायची नाही. फळ्यावरच्या आकृतीत हा बाण कुठेच नव्हता. तरी मी हात वर केला नाही. एक तर इंग्रजीची भीती होती. दुसरं, बोलले असते तर सगळ्या वर्गाला माझी जात कळली असती.

खूप नंतर लक्षात आलं की त्या दिवशी माझ्याकडे नुसती घरची आठवण नव्हती, भक्कम आधार होता. वायझर यांच्या पुस्तकाच्या आठ वर्षं आधी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी दुरुस्ती विधेयक मांडलं होतं. या वतनाने माणूस गावाचा आणि सरकारचा कसा बांधील होतो, किती कामाला किती मोबदला मिळतो, याचा हिशेबच त्यांनी मांडला होता. गावगाड्याचं विश्लेषण म्हणून तो मजकूर वायझर यांच्या शेजारी ठेवून शिकवता आला असता. आमच्या यादीत वायझर होते, बाबासाहेब नव्हते.

त्याच वर्षी लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. मला सांगण्यात आलं, "तू तुझ्या वस्तीवरच कर. तुला ॲक्सेस सोपा आहे." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला तिच्या सोसायटीवर कर, तुझ्या नातेवाइकांच्या लग्नांवर कर, असं कुणी सांगितलं नाही. तिला 'आधुनिकतेचे सिद्धांत' मिळाले. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना असाच विषय मिळाला असेल. आपण माहिती आणायची, अर्थ दुसऱ्याने लावायचा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मधल्या लेखात भारतीय समाजविज्ञानातली ही विभागणी उघड केली. सिद्धांत मांडणारे वर आणि अनुभव पुरवणारे खाली, अशी ती उतरंड आहे. जातीची उतरंड ओळखायला आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही.

या विषयातली मोठी पुस्तकं वाचताना मी एक साधा प्रश्न विचारायला शिकले. अभ्यासक गावात गेला तेव्हा उतरला कुणाच्या घरी? एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुरात गेले, तेव्हा त्यांच्या राहण्याची सोय गावच्या पाटलाने केली. आंद्रे बेतेई १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तंजावर जिल्ह्यातल्या श्रीपुरमला गेले आणि अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या आळीत राहिले. तिथे राहिल्यामुळे गावाने त्यांना ब्राह्मणांच्या बाजूचं मानलं आणि दलितांच्या चेरीत त्यांचं जाणं-येणं मोकळेपणाने झालं नाही. या मर्यादा दोघांनीही लपवल्या नाहीत, आपापल्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख केला आहे. तो प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. अडचण आपल्या वर्गांत आहे. तिथे पुस्तकातला सिद्धांत शिकवला जातो, ही कबुली मात्र गाळली जाते. आळीतून दिसलेलं गाव 'भारतीय गाव' होऊन बसतं.

उतरण्याची जागा बदलली की सिद्धांतही बदलतो. जोन मेन्चर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात दलित शेतमजुरांशी बोलल्या आणि १९७४ साली त्यांनी जातव्यवस्था खालून पाहिली तर कशी दिसते हे मांडलं. फ्रान्सच्या लुई द्युमाँ यांनी आठ वर्षांपूर्वी जातीचा पाया शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेत शोधला होता. मेन्चर यांना खालून दिसलं ते आर्थिक शोषण. देश तोच होता, बोलणारी माणसं वेगळी होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिते आहे तिच्याकडे येते. आपल्यातली बरीच मुलं-मुली सांस्कृतिक मानवशास्त्र हा परक्यांचा विषय समजून सोडून देतात, किंवा यूपीएससीचा ऑप्शनल एवढीच त्याची ओळख ठेवतात. त्यांना एक तारीख सांगावीशी वाटते, ९ मे १९१६. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. फ्रांझ बोआस यांनी उभा केलेला हा विभाग वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला आव्हान देणारा होता. इकडे भारतात त्याच सुमारास हर्बर्ट रिस्ले यांच्या प्रभावाखाली माणसांची नाकं मोजून जाती लावण्याचा उद्योग शास्त्र म्हणून मिरवत होता.

बाबासाहेबांनी त्या निबंधात नाकं मोजली नाहीत. त्यांनी एक यंत्रणा उलगडून दाखवली. गटातल्या गटातच लग्न करायचं ठरलं की गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा किंवा बायको मेली की एक माणूस 'जास्तीचं' उरतं आणि ते गटाबाहेर जाण्याचा धोका तयार होतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा तो धोका आवरण्यासाठी उभ्या राहिल्या. म्हणजे जातीचं कुलूप बाईच्या शरीरावर लावलं गेलं. हे बंदिस्तपण वरून खाली अनुकरणाने कसं पसरलं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. श्रीनिवास यांनी 'संस्कृतीकरण' ही संकल्पना मांडली ती १९५२ मध्ये. दोन्ही मांडण्या एक नाहीत. श्रीनिवास वर चढण्याबद्दल बोलतात, बाबासाहेब दारं बंद होण्याबद्दल. पण अनुकरणाचा धागा शिकवताना १९१६ पासून सुरुवात करायची नाही, याला अभ्यासक्रमाची निवड म्हणतात. ती कुणीतरी केलेली असते.

या निबंधानेच माझ्या पीएच.डी.चा विषय बदलला. जात जर लग्नाच्या दारात तयार होत असेल, तर तिचं फिल्ड फक्त आपली वस्ती कसं असेल? ते वधू-वर सूचक मंडळात आहे, मेळाव्याच्या हॉलमध्ये आहे, स्थळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. लॉरा नेडर यांनी १९७२ साली मानवशास्त्रज्ञांना हेच सुनावलं होतं की गरिबांकडे पुष्कळ पाहून झालं, आता सत्ता असलेल्यांकडे पाहा. मी वरच्या जातींच्या मेळाव्यांना जाऊ लागले. नोंदणीच्या फॉर्मवर जात, पोटजात, गोत्र, कुलदैवत, मग पगार. अपेक्षांच्या रकान्यात मोठ्या मनाने लिहिलेलं असतं, 'आंतरजातीय चालेल', आणि पुढे कंसात, 'एससी-एसटी क्षमस्व'. एवढ्या तीन-चार शब्दांत अख्खा निबंध आहे.

ॲक्सेस मात्र इथे सोपा नव्हता. एका मंडळाच्या संचालकांनी पहिल्या फोनवर आनंदाने बोलावलं. भेटीत त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग चहा आला. त्यानंतर माझा फोन त्यांनी कधीच उचलला नाही. हे गाईडला सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "म्हणून म्हणत होते, वस्तीवर कर." मी तो न उचललेला फोनही डायरीत तारखेसह लिहून ठेवला. दार बंद होणं हीसुद्धा फिल्डवरची नोंद असते. आपल्याइतकी ती इतर कुणाला क्वचितच मिळते.

इथे आपल्यालाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपण भोगलं म्हणून आपोआप आपला सिद्धांत होत नाही. आजोबांची पाळी माझ्यासाठी पुरावा व्हायची तर मला वतनाचे कागद पाहावे लागतात, दुसऱ्या घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं, आणि आजीलाही विचारावं लागतं. मागून आणलेली भाकर घरात कुणाच्या वाट्याला किती आली, हे आजोबांच्या गोष्टीत नाही, आजीच्या गोष्टीत आहे. आपल्या वस्तीतही आळ्या आहेत, पोटजाती आहेत. आपणही कुठल्यातरी ओट्यावर बसूनच पाहत असतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांकडे जाऊन, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये उभं केलं. फिल्डवर्क कसं करावं याचा तो आपल्याच भाषेतला धडा आहे. वस्तीवर काम करू नका, असं माझं म्हणणं मुळीच नाही. जरूर करा, पण विषय तुम्ही निवडा आणि विश्लेषणाचं प्रकरणही तुम्हीच लिहा.

विद्यापीठांकडे आपल्या मागण्या साध्या आहेत. १९१६ चा निबंध 'दलित अभ्यास' नावाच्या ऐच्छिक पेपरात न ठेवता सिद्धांताच्या अनिवार्य पेपरात शिकवा. गावांवरची अभिजात पुस्तकं शिकवताना अभ्यासक कुठे राहिला, कुणाशी बोलला, हेही शिकवा. फेलोशिप वेळेवर द्या, कारण सहा-सहा महिने पैसे नसताना फिल्डवर राहणं फक्त घरून पैसे येणाऱ्यालाच परवडतं, आणि मग पुस्तकंही त्याचीच होतात. चाचणी, सेमिनार आणि व्हायवात आपल्या भाषेत बोलण्याची मुभा द्या.

आणि यंदा पहिल्यांदाच या वर्गात बसणाऱ्या मुला-मुलींना एकच सांगणं आहे. फळ्यावर बाणांची आकृती येईल. घरी फोन करा, विचारा, लिहून घ्या, कागद शोधा. मग पुढच्या तासाला हात वर करा. इंग्रजी चुकली तर चुकू द्या. मी तेव्हा गप्प बसले, त्याने माझी जात लपली नाही. फक्त आजोबांचा बाण फळ्यावर यायचा राहून गेला.