वेठ आधी कोणाची सुटावी?

चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकाने त्यातून ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला. यंत्रशास्त्र, विद्युत्‌शास्त्र, संवेदक, नियंत्रणशास्त्र व संगणक अशा अनेक विद्यांच्या संगमातून हा यंत्रमानव घडतो. १९६१ मध्ये तो अमेरिकेतील मोटारीच्या कारखान्यात धातूचे तप्त भाग उचलू लागला. केरळमधील मैलागटारात तो उतरला २०१८ साली. माणसाला तेथे असुरक्षितपणे उतरविण्यास बंदी करणारा कायदा २०१३ चा! कोणाचे कष्ट आधी हलके करावयाचे, हे विज्ञान ठरवीत नाही, समाज ठरवितो. आणि आपल्या समाजाने ते जातीच्या उतरंडीनुसार ठरविले. प्रत्येक नगरपालिकेने हे यंत्र घेतलेच पाहिजे आणि ते चालविण्याची विद्या व वेतन त्याच सफाई कामगाराच्या हाती दिले पाहिजे.