"तुझी ओळख आहे ना कुठे?"

घरातल्या एकाच्या चार ओळी कुठे छापून आल्या रे आल्या, की नात्यातल्या प्रत्येक कपाटातून एकेक वही बाहेर पडते. आत्याच्या कविता, काकांचं आत्मचरित्र, मेहुण्यांची नर्मदा परिक्रमा... आणि सोबत ठरलेलं वाक्य: "तुझी ओळख आहे ना कुठे? जरा शब्द टाक की!"

मी शब्द टाकत नाही. टाकणारही नाही. शिष्टपणा वाटला तर वाटो, पण कारण ऐकून घ्या.

ओळखीने गेलेलं बाड संपादक भिडेखातर ठेवून घेतो. मग महिनोन् महिने काही नाही, आणि शेवटी नकार येतो तोही गुळमुळीत, कारण मध्ये मी असते. नेमकं काय जमलं नाही, हे लिहिणाऱ्याला कधी कळतच नाही. ही कसली मदत?

त्याहून राग येतो तो न वाचताच "वा वा, छापाच!" म्हणणाऱ्यांचा. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी अशा कौतुकावर विसंबून निवृत्तीच्या पैशांतून पुस्तक काढलं. समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. गठ्ठे आता दिवाणाखाली आहेत. "छापाच" म्हणणाऱ्यांनी किती प्रती विकत घेतल्या? एकही नाही. भेट प्रत मात्र प्रत्येकाला हवी होती!

पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. पण तिथे आपण गिऱ्हाईक असतो, हे ध्यानात ठेवून व्यवहार करावा. आयएसबीएन क्रमांकासाठी कुणी शुल्क सांगितलं तर विचारावं, कसलं? भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. हक्क द्यायचे तर लेखी करारानेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ हेच सांगतं, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. पहिलंच पुस्तक असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी करावी. ही माहिती माझ्या ओळखीपेक्षा जास्त उपयोगाची नाही का? तुम्हीच सांगा.

वही आणलीत तर मी पहिली २० पानं पेन्सिल घेऊन वाचेन आणि जे वाटेल ते तोंडावर सांगेन. मग त्यातलं एक प्रकरण निवडा आणि स्वतःच्या नावाने दिवाळी अंकाला पाठवा, माझं नाव न घेता. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून कितीतरी नवे लेखक त्या दारातून आत आले आहेत. तुम्हाला न ओळखणाऱ्या संपादकाने "हे घेतो" म्हटलं, की तो होकार तुमच्या लिखाणाला असतो. माझ्या ओळखीने आलेल्या होकाराबद्दल तुमच्याच मनात कायम शंका राहील.

आणि नकार आला तर? तोही निदान तुमचा स्वतःचा असेल, त्यातून शिकता येईल. बाकी लोभ आहेच.