सेहरीसाठी तव्यावरचे इंग्लिश मफिन

रमजानच्या सेहरीत घरातले एक माणूस सर्वांच्या आधी उठते आणि सर्वांच्या नंतर जेवते. आपला धाराशिव जिल्हा ज्वारीचा. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी, ही इथल्या घरांची सवय. बाकीचे जेवत असतात तेव्हा अम्मी, भाभी किंवा सून भाकरी थापत असते आणि तिचे ताट वाढून होईपर्यंत फज्रची वेळ जवळ आलेली असते. रोजा मात्र तिलाही तेवढाच लांब असतो. बाजारचा पाव आणून ठेवावा, तर खेड्यात तो रोज ताजा मिळेलच असे नाही. म्हणून या महिन्यात आम्ही असा पाव निवडला आहे, जो आदल्या संध्याकाळीच भाजून ठेवायचा असतो आणि ज्याला ओव्हन लागत नाही.

याचे नाव इंग्लिश मफिन. बेकरीत कागदाच्या वाटीत मिळणारा गोड मफिन तो हा नव्हे. हा खमिराचा, गोल, चपटा पाव तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. पूर्वी लंडनच्या रस्त्यांवर फेरीवाले घंटा वाजवत तो विकायचे. सॅम्युअल बाथ थॉमस हा इंग्रज १८७४ साली न्यूयॉर्कला गेला, १८८० साली त्याने तिथे बेकरी काढली आणि अमेरिकेत या पावाचा प्रसार झाला. नाव परके असले तरी रीत ओळखीची आहे. नान-कलियातला नान आणि खमिरी रोटीही खमिरानेच फुगतात. नानला तंदूर हवा, याला तवा पुरतो.

पीठ सैल असल्याने ते पसरू नये म्हणून कडे लागते. ते विकत घेण्याची गरज नाही. कडे ९ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर उंच हवे. त्यासाठी ३० सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्या; टोके दीड सेंटिमीटर एकमेकांवर आली की बरोबर माप होते. सर्वांत सोपे कडे ॲल्युमिनियम फॉइलचे. ३० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद तुकड्याच्या सहा घड्या घातल्या की अडीच सेंटिमीटरची जाड पट्टी होते. तिचे एक टोक दुसऱ्यात खोचून घट्ट दाबा. टिकाऊ कडी हवी असतील तर डबे बनवणाऱ्या कारागिराकडून स्टेनलेस स्टीलच्या पट्टीची करून घ्या. कडा आत वळवायला सांगा आणि जोड रिव्हेटने मारायला सांगा. डाग दिलेले कडे घेऊ नका. साध्या डागात शिसे असते आणि तव्याच्या आचेवर तो वितळू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला किंवा रंगवलेला पत्राही नको. चार कडी पुरतात.

आठ मफिनसाठी २५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा साखर, एक चमचा मीठ, मोठा चमचाभर तूप आणि २३० मिलिलिटर कोमट दूध-पाणी घ्या. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून ती याहून जास्त घातली तर पाव बसका होतो. सर्व एकत्र करून हाताला चिकटेल असे सैल पीठ पाच-सात मिनिटे मळा आणि झाकून ठेवा. थंडीत दुप्पट व्हायला दीड तास लागतो, आपल्या उन्हाळ्यात पाऊण तासही पुरतो. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे.

तव्यावर थोडा रवा भुरभुरा, आतून तूप लावलेली कडी मांडा आणि ओल्या हाताने प्रत्येकात साधारण ७० ग्रॅम पीठ, म्हणजे अर्ध्या उंचीपर्यंत, घाला. वीस मिनिटे तसेच फुगू द्या, मग गॅस लावा. आच अगदी मंद हवी. वरून करपला आणि आत कच्चा राहिला, ही तक्रार मोठ्या आचेमुळेच येते. तवा पातळ असेल तर खाली आणखी एक तवा ठेवा. झाकण ठेवून एक बाजू सात-आठ मिनिटे भाजा, उलटा, कडे काढा आणि दुसरी बाजूही तेवढीच भाजा. कडेला दाबल्यावर पाव परत वर आला की झाला. दुसरा घाणा लावण्याआधी तवा गार होऊ द्या.

यीस्टबद्दल अनेक घरांत शंका असते. बेकरीचे यीस्ट म्हणजे मळीवर वाढवलेले सूक्ष्म जीव, उसाच्या कारखान्यात निघते तीच मळी. आजीच्या काळी आंबट पिठाचे खमीर जे काम करी, तेच ते करते. पीठ फुगताना तयार होणारा अल्कोहोलचा अंश भाजताना बहुतेक उडून जातो. तरीही मनात खटका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. विकतच्या पावात मिसळलेले पदार्थ मात्र वेष्टनावर वाचावेत. त्यातले काही वनस्पतीपासूनही बनतात, प्राण्यांच्या चरबीपासूनही.

इफ्तारनंतर पीठ भिजवले तर तरावीहहून परतेपर्यंत ते फुगलेले असते. भाजलेले मफिन पूर्ण गार करून डब्यात ठेवा. सुरीने कापू नका. काट्याच्या चमच्याने भोवती टोचून हाताने दोन फाका करा. मग आतला भाग खडबडीत राहतो आणि तूप त्यात मुरते. सेहरीला आतली बाजू तव्यावर दोन मिनिटे शेकली की पाव पुन्हा ताजा लागतो. सोबत अंडे, उरलेला खिमा किंवा भूमचा खवा आणि साखर. उन्हाळ्यात मफिन दुसऱ्या दिवशीच संपवा.

हे दोन मिनिटांचे शेकणे दहा-बारा वर्षांच्या मुलालाही जमते. अब्बांनाही जमते. पूर्ण महिना भाकरी बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. आठवड्यातून दोन सेहऱ्या तरी घरच्या पुरुषांनी तवा सांभाळावा आणि भाकरी थापणारीला सर्वांबरोबर दस्तरखानावर बसवावे. बरकत तिच्या वाट्यालाही यायला हवी.