चौदा दिवस दर्यात, चौदा दिवस गावात?

भाताची झोडणी आटोपली की कोकणातल्या एसटी स्टँडवर पाठीला सॅक लावलेली पोरं दिसू लागतात. पूर्वी 'कुठं निघालास?' म्हटलं की उत्तर यायचं, 'गिरणीत'. गिरण्या गेल्या. आता त्यातला एखादा सांगतो, 'बॉम्बे हायला. हेलिकॉप्टरनं नेतात.' ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं. पण या कौतुकापोटी दलालाच्या हाती पैसे ठेवण्याआधी, वाचकहो, हे काम नेमकं काय आहे ते समजून घेतलेलं बरं.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात १९७४ साली 'सागर सम्राट'ने तेल शोधले. १९७६ पासून ते निघू लागले. तिथल्या फलाटांवर माणसं पोहोचवण्यासाठी जुहूहून हेलिकॉप्टर उडतात. चौदा दिवस रोज बारा तासांची पाळी आणि मग चौदा दिवस घरी, अशी तेल महामंडळाच्या नोकरांची रीत. शेती सांभाळून नोकरी करू पाहणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

मात्र हे वेळापत्रक कायम नोकरांचं. त्यांची भरती जाहीर जाहिरातीने होते, त्यात दलालाचा संबंध येत नाही. आपल्या गावचा पोरगा शिरतो तो बहुधा ठेकेदाराच्या, बऱ्याचदा पोटठेकेदाराच्या हाताखाली. काम हेल्परचं, रंगाऱ्याचं, परांची बांधण्याचं, नाहीतर भटारखान्यातलं. आयटीआय झालेला फिटर किंवा वेल्डर असेल तर दर बरा मिळतो. यातल्या पुष्कळांचा मुक्काम फलाटावर नसतो, बार्जवर असतो. तिथं चौदा दिवसांचा हिशेब चालेलच असं नाही. काम संपेपर्यंत राहायचं, आणि घरी बसलेल्या दिवसांचे पैसे मिळतील याची खात्री नाही.

तरीही माणसं का जातात? उत्तर आपल्या शेतीत आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला, म्हणून बार्जवरची कामं साधारण दिवाळीनंतर सुरू होतात आणि मेअखेर आवरतात. कोरडवाहू एकपिकी शेतकरी नेमका याच महिन्यांत रिकामा असतो. ठेकेदाराला स्वस्त हात मिळतात, शेतकऱ्याला रोख पैसा.

पण हंगामाचं शेवटचं टोक फार वाईट. पावसाआधी काम उरकायची घाई असते आणि अरबी समुद्रात वादळं उठतात तीही मे महिन्यात. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हे बार्ज बुडाले. त्यावर २६१ माणसं होती. १८६ वाचली, बाकीची जिवंत परतली नाहीत. त्याआधी २७ जुलै २००५ ला एक जहाज फलाटावर आदळून आग लागली, २२ जण गेले. ते जहाज फलाटाजवळ आलं होतं ते बोटं कापलेल्या एका आचाऱ्याला उपचारासाठी उतरवायला. २८ जून २०२२ ला हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावं लागलं. नऊपैकी चौघे दगावले.

हे भीती घालायला लिहीत नाही. सांगायचं ते एवढंच, की जीव वाचवण्याचं प्रशिक्षण म्हणजे नुसता कागद नव्हे. हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात बसवून तो पाण्यात उलटा करतात आणि खिडकीतून बाहेर पडायला शिकवतात. गोव्यात बेतुल इथं तेल महामंडळाची सुरक्षा-प्रशिक्षण संस्था आहे. 'प्रशिक्षणाशिवाय सर्टिफिकेट मिळवून देतो' म्हणणारा दलाल तुमचे पैसे वाचवत नाही, तुमच्या पोराचा जीव पणाला लावतो.

दुसरी एक हाक हल्ली ऐकू येते, ऑस्ट्रेलियाच्या खाणींची. तिथल्या पिलबारा भागात लोखंडाच्या खाणींवर पर्थहून विमानाने कामगार नेतात हे खरं आहे. नवख्याला तिथं छावणीची साफसफाई, स्वयंपाकघर किंवा कारागिराचा मदतनीस असं काम मिळू शकतं. पण आधी व्हिसा लागतो. भारतीय तरुणांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या काम-आणि-सुट्टी व्हिसाच्या जागा वर्षाला १,०००. वय १८ ते ३०, बारावीनंतरचं शिक्षण आणि इंग्रजी येत असल्याचा पुरावा लागतो, आणि नंबर लागतो सोडतीने. सोडतीत नाव काढून देतो म्हणणारा खोटं बोलतो. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची नोंदणी आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं.

मग करायचं काय? निघण्यापूर्वी लेखी नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. पत्रावर ठेकेदाराचं नाव, काम आणि पगार आहे का ते वाचा. मुक्काम किती दिवसांचा, समुद्रात थांबून राहावं लागलं तर रोज चालू राहतो का, प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार, विमा कितीचा, वारस म्हणून कोणाचं नाव, हे विचारून घ्या. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घ्या आणि दोन महिन्यांनी भरणा होतोय का ते मोबाइलवर पाहा. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीची जबाबदारी राहते, पण त्यासाठी हातात कागद हवा. त्याची एक प्रत घरी ठेवा. बार्जचं नाव घरच्यांना ठाऊक असू द्या.

गाय विकून किंवा सोनं गहाण टाकून नोकरी विकत घेऊ नका. काम देणाऱ्याला माणूस हवा असतो, माणसाकडून पैसे नव्हे. जो आधी पैसे मागतो त्याचा धंदा नोकरी देण्याचा नाही, हे घरातल्या थोरांनी पोरांना उंबऱ्यातच सांगावं.